रविवार सकाळ, पावणेआठ

आजचं वाचन : मोरोनी, अध्याय 6, वचने 4 ते 6

मित्रांनो, आजचं मनन नेहमीपेक्षा लांबलं आहे. चहा घेऊन बसा.

परवा एका धाकट्या मित्राने मला सरळच विचारलं, "दादा, देवावर माझा विश्वास आहे. रोज शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो. पण दर रविवारी चर्चला जायचं मन होत नाही. काय करू?" मी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. कारण हाच प्रश्न मी स्वतः चौदा आठवडे अंथरुणात पडून छताला विचारला होता.

नवीन वाचकांसाठी आधी थोडी ओळख. मी मूळचा नगरचा, इंजिनिअरिंग पुण्याला, आणि गेली काही वर्षं अमेरिकेत युटा राज्यातल्या लेहाय या गावात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. (हे गावाचं नावसुद्धा मॉर्मनच्या पुस्तकातलं आहे, बरं का. आणि या लेहायच्या आसपास आता इतक्या आयटी कंपन्या झाल्यात की लोक या भागाला 'सिलिकॉन स्लोप्स' म्हणतात.) घरचे आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. इथे आल्यावर मी लॅटर-डे सेंट्सच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. आईला ते जड गेलं, अजूनही जातं. पण एकदा फोनवर ती म्हणाली, "तुझं चर्च वेगळं असेल, रविवार तर तोच आहे ना?" आमच्या चर्चच्या अध्यक्षांनी 2018 मध्ये सांगितलं की आम्ही स्वतःला 'मॉर्मन' न म्हणता चर्चचं पूर्ण नाव घ्यावं. मी शक्यतो ते पाळतो. पण मराठीत समजावताना ते पूर्ण नाव संपेपर्यंत समोरच्याचा चहा थंड होतो, म्हणून तुम्ही मॉर्मन म्हणालात तरी मी रागावणार नाही.

तर ते चौदा आठवडे.

आमच्याकडे अविवाहित तरुणांचे वेगळे वॉर्ड असतात. वॉर्ड म्हणजे आपल्याकडच्या भाषेत एका भागातली मंडळी. तुम्ही कुठे राहता त्यावरून तुमचा वॉर्ड ठरतो, आवडीवरून नाही. तरुणांच्या वॉर्डात मी खुशीत होतो. मग एकतिसावं वर्ष लागलं, आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे मी कुटुंबांच्या वॉर्डात आलो. तिथे प्रत्येक बाकावर आई, बाबा, तीन ते पाच मुलं, आणि पिशवीभर खाऊ. मी एकटा, मागच्या रांगेत. लोक वाईट नव्हते हो. प्रत्येक जण हात मिळवायचा, "काम कसं चाललंय?" विचारायचा, आणि उत्तर यायच्या आत त्याचं लेकरू बाकाखालून निसटलेलं असायचं. वर्षभर मी "काम चांगलं चाललंय" एवढंच बोललो. त्यात आमच्याकडे पगारी पाळक नसतो. बिशपही आठवडाभर आपली नोकरी करतो आणि प्रवचनं मंडळीतलेच लोक आळीपाळीने देतात. काही फार सुंदर बोलतात. काही शब्दकोशातली व्याख्या वाचून सुरुवात करतात आणि मग दहा मिनिटं त्या व्याख्येतून बाहेरच येत नाहीत.

एका रविवारी माझी ऑन-कॉल पाळी होती. रात्रभर सर्व्हर पडत होता, सकाळी गेलो नाही. पुढच्या रविवारी कारण नव्हतं, तरी गेलो नाही. तिसऱ्या रविवारी एक शोध लागला. नऊ वाजताची सभा चुकवली की आईशी निवांत बोलता येतं, कारण तिकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. झालं, आता तर पुण्याचंच काम करतोय असं वाटायला लागलं! दरम्यान मी शास्त्रवाचन सोडलं नव्हतं, पॉडकास्ट ऐकत होतो. माझं म्हणणं असं होतं की चर्चमधून जे मिळायचं ते मला घरीच मिळतंय, आणि तेही दीडपट वेगाने.

एक गोष्ट मात्र खुपत होती. कुणाला काही कळलंच नव्हतं. आमच्या कामात प्रत्येक सर्व्हर ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' असा छोटा संदेश पाठवत असतो, त्याला हार्टबीट म्हणतात. दोन-तीन संदेश आले नाहीत की कुणाचा तरी फोन वाजतो. माझे दहा संदेश चुकले तरी कुठेच काही वाजलं नाही.

त्याच दिवसांत वाचनात मोरोनीचा सहावा अध्याय आला. आधी पाच-सात वेळा वाचला होता. त्यात मंडळीचं साधं वर्णन आहे. बाप्तिस्मा झालेल्यांची नावं लिहून घेतली जात, ती कशासाठी, तर त्यांची आठवण राहावी आणि देवाच्या वचनाने त्यांचं पोषण व्हावं म्हणून. ते वारंवार एकत्र जमत, उपास करत, प्रार्थना करत, एकमेकांच्या आत्म्याचं कुशल विचारत, आणि प्रभू येशूच्या स्मरणात भाकर व द्राक्षारस घेत. बस्स, एवढंच. एखाद्या सोसायटीच्या नियमावलीसारखं वाटावं इतकं साधं.

त्या दिवशी मी सवयीने मागे जाऊन पहिला अध्याय वाचला आणि थांबलो. हे लिहिणारा मोरोनी त्या वेळी कुठे होता? त्याचे सगळे लोक युद्धात मारले गेले होते, वडीलसुद्धा. ख्रिस्त नाकारत नाही म्हणून शत्रू त्यालाही मारतील, यासाठी तो जीव वाचवत एकटा भटकत होता. त्याला वाटलं होतं आपलं लिहून संपलं. पण आपण अजून जिवंत आहोत, तर पुढे कधीतरी कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून थोडं अजून लिहावं, असं तो म्हणतो. आणि लिहितो काय? प्रार्थना म्हणून भाकर कशी आशीर्वादित करायची. नावं कशी लिहायची. लोक कसे जमायचे. ज्याच्याबरोबर जमायला पृथ्वीवर एक माणूस उरला नव्हता, त्याने हे लिहून ठेवलं. आणि मी, ज्याच्या घरापासून चर्च गाडीने चार मिनिटांवर, दीडपट वेगाने पॉडकास्ट ऐकत होतो.

तुम्हाला वाटेल, मग पुढच्या रविवारी हा गेला असेल. नाही गेलो. मन हललं होतं, पाय हलले नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपण भक्तिपर लेखनात नेहमी असं दाखवतो की वचन वाचलं आणि आयुष्य बदललं. माझ्या बाबतीत वचन वाचलं आणि मी परत झोपलो.

पंधराव्या आठवड्याच्या शनिवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. आमच्या चर्चमध्ये प्रत्येक घराची खबर ठेवायला मंडळीतली दोन माणसं नेमलेली असतात. पूर्वी महिन्याला भेट द्यायची आणि तिची नोंद करायची अशी पद्धत होती. 2018 च्या एप्रिलमध्ये ती बदलली, आता गरज पाहून ज्याने त्याने काळजी घ्यायची. माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ ऐंशीच्या पुढचे होते. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. बायको गेलेली, डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाल्यामुळे लायसन्स गेलेलं. ते तीन गल्ल्या ओलांडून काठी टेकत आले होते. मला वाटलं आता विचारणार, "का येत नाहीस?" मी उत्तरही तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "उद्या साडेआठला मला चर्चला नेशील का?"

आता सांगा, ऐंशीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आपल्याला तसं शिकवलेलंच नाही.

त्या रविवारी गेलो, मग पुढच्या. मोठी आत्मिक जागृती वगैरे काही नाही, मी फक्त ड्रायव्हर होतो. आजोबा प्रवचनात बहुतेक वेळा झोपायचे. कानातलं यंत्र ते शिट्टी वाजते म्हणून बंद करून ठेवायचे. एकदा परत येताना मी विचारलंच, "तुम्हाला ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, मग तुम्ही येता कशासाठी?" ते म्हणाले, "वीस-बावीस वर्षं मी येत होतो कारण इमारतीची चावी माझ्याकडे होती. मी गेलो नाही तर लोक बर्फात उभे राहतील. त्यातल्या बऱ्याच रविवारी माझ्या मनात विश्वास होता की नाही, मला आठवत नाही. चावी होती एवढं आठवतं." मग जरा थांबून म्हणाले, "आता भाकरीसाठी येतो."

त्यांच्या तरुणपणी रविवारी दोनदा जावं लागायचं. सकाळी पुरुषांची सभा आणि संडे स्कूल, मग घरी जेवण, मग दुपारी किंवा संध्याकाळी परत प्रभुभोजनाची सभा. मुलांचा वर्ग तर आठवड्यातल्या कुठल्यातरी वारी वेगळाच. 1980 मध्ये हे सगळं एकत्र करून रविवारचे सलग तीन तास केले आणि 2019 च्या जानेवारीपासून दोन तास. "आणि तुम्हाला दोन तास जड जातात," हे ते मला दर महिन्याला एकदा ऐकवायचे. ऐकून घ्यायचं.

भाकरीबद्दल सांगतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे. आमच्या प्रभुभोजनात भाकर आणि पाणी असतं. भाकर म्हणजे दुकानातला साधा ब्रेड, तुकडे करून. सोळा-सतरा वर्षांची मुलं टेबलापाशी गुडघे टेकून प्रार्थना म्हणतात आणि त्यांच्याहून लहान मुलं ताटं घेऊन रांगारांगांतून फिरतात. प्रार्थनेचे शब्द ठरलेले आहेत, मोरोनीच्याच चौथ्या-पाचव्या अध्यायातले. त्यात एक शब्द इकडचा तिकडे चालत नाही. बिशप कान देऊन ऐकतो, आणि चूक झाली तर मान हलवतो, मुलाने परत पहिल्यापासून म्हणायचं. एका रविवारी एक मुलगा अडखळला. परत सुरू केलं, परत तिथेच अडखळला. कान लाल झालेले, माइकमध्ये श्वास ऐकू येतोय. तिसऱ्यांदाही चुकला. दोन-अडीचशे माणसं मान खाली घालून बसलेली. कुणी खोकलं नाही, कुणी हसलं नाही. लहान पोरंसुद्धा कशी कोण जाणे गप्प. चौथ्यांदा त्याने एकेक शब्द बोट ठेवून वाचला आणि सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. इतकं मोठं आमेन मी त्या वॉर्डात आधी ऐकलं नव्हतं.

मी प्रोग्रामर माणूस. शब्द न् शब्द जुळलाच पाहिजे हे मला रोजचं आहे. पण आमच्याकडे तीनदा पासवर्ड चुकला की खातं बंद होतं. इथे तीनदा चुकल्यावर सगळे थांबून राहिले. त्या ताटात काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. आपण दर आठवड्याला तोच करार परत करतो, त्याची आठवण ठेवू, त्याचं नाव धारण करू, आणि दर आठवड्याला मोडतो. मग परत रविवार येतो. हे पॉडकास्टमध्ये होत नाही. तिथे कुणी ताट पुढे करत नाही आणि मलाही ते शेजारच्याकडे सरकवावं लागत नाही.

घरी का नाही होत, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण करून पाहिलंय. 12 मार्च 2020 ला आमच्या चर्चने जगभरच्या सभा थांबवल्या, तेव्हा बिशपच्या परवानगीने लोक घरोघर प्रभुभोजन घेत होते. मी एकट्याने घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ब्रेडची एक स्लाइस, कागदी कपात पाणी. प्रार्थना मीच म्हटली, आमेन मीच म्हटलं, ताट मीच माझ्यापुढे धरलं. ते खरंच प्रभुभोजन होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या महिन्यांत मला सगळ्यात जास्त आठवण कशाची आली असेल तर शेजारच्या बाकावरच्या रडणाऱ्या बाळाची. (ही आठवण पुढे दोन वर्षांत मी साफ विसरलो, हा भाग वेगळा.)

सिद्धांत आणि करार या ग्रंथाचा 59 वा विभाग शब्बाथाबद्दल आहे. प्रार्थनेच्या घरी जावं, आपली अर्पणं प्रभूला द्यावीत, त्या दिवशी कामापासून विसावा घ्यावा, आणि हे सगळं आनंदी चेहऱ्याने करावं असा त्याचा भाव. आनंदी चेहरा! सकाळी नऊला! मला ते फार सुखवस्तू लोकांना दिलेलं वचन वाटायचं. मग त्याची तारीख पाहिली. 7 ऑगस्ट 1831, मिसूरी राज्यातली जॅक्सन काउंटी. दिवस रविवारच. त्याच दिवशी पॉली नाइट नावाच्या बाईचा अंत्यविधी झाला. ती आणि तिच्या घरचे न्यूयॉर्कमधल्या कोल्सव्हिलहून निघून ओहायोमार्गे तिथे पोहोचले होते. वाटेत तिची तब्येत इतकी ढासळली की मुलाने, न्यूएलने, शवपेटीसाठी लाकूड विकत घेऊन बरोबर ठेवलं. तिचं एकच मागणं होतं, की सियोनच्या भूमीवर पाय लागू देत. पाय लागले, आणि थोड्याच दिवसांत ती गेली. त्या नव्या वसाहतीतला तो पहिला मृत्यू. ज्या लोकांना आनंदी अंतःकरणाने शब्बाथ पाळायला सांगितलं, ते त्याच दिवशी तिला पोचवत होते. तेव्हा 'मूड नाही' या कारणाला तिथे फारशी जागा नव्हती, आणि तरी वचनात दटावणी नाही.

आता माझ्या त्या मित्राला, आणि तुमच्यातल्या जे त्याच्यासारखे आहेत त्यांना थेट सांगतो.

मन होईल मग जाईन, असं ठरवलंत तर माझ्यासारखे चौदा आठवडे जातील. योहानाच्या विसाव्या अध्यायातला थोमा पाहा. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य जमले होते, तो नव्हता. का नव्हता ते लिहिलेलं नाही. बाकीच्यांनी सांगितलं तर त्याचा विश्वास बसला नाही, आणि तसं त्याने स्पष्ट बोलून दाखवलं. पण आठ दिवसांनी तो त्यांच्याबरोबर खोलीत होता. आपण थोमाच्या शंकेवर इतकं बोलतो की ही गोष्ट निसटून जाते. त्याची शंका त्या दिवशीपर्यंत जशीच्या तशी होती, आणि तरी तो आला. आणि इतरांनीही त्याला दार लावलं नाही. प्रभू भेटला तो त्या खोलीत.

व्यवहाराचं म्हणाल तर, शर्ट शनिवारी रात्री इस्त्री करून ठेवा. रविवारी उठल्यावर लॅपटॉप उघडू नका. 'फक्त एक मेल' म्हणून उघडलेल्या लॅपटॉपने माझे किती रविवार खाल्लेत त्याला गणती नाही. ऑन-कॉलची पाळी सहकाऱ्याशी आधीच बदलून घ्या, त्याबदल्यात त्याची शुक्रवारची रात्र उचला. आणि काहीतरी काम मागून घ्या, खुर्च्या लावायचं का होईना. मला आजोबांना न्यायचं होतं म्हणून मी गेलो. कारण फार पवित्र नव्हतं, पण गाडी पोहोचली.

मात्र ज्यांना चर्चमध्येच जखम झाली आहे, कुणाच्या शब्दाने किंवा वागण्याने, त्यांना मी 'नुसतं जायला लाग' असं सांगणार नाही. कुणी सांगत असेल तर त्याने 3 नेफीचा अठरावा अध्याय परत वाचावा. तिथे प्रभू आतल्या लोकांना सांगतो की अशा माणसाला आपल्या सभास्थानातून घालवू नका, त्याची सेवा करत राहा, तो परत येईल की नाही तुम्हाला काय ठाऊक. ओझं आतल्यांवर आहे. मला स्वतःलाही हे उशिरा कळलं. मी म्हणत होतो कुणी माझी चौकशी केली नाही. पण वर्षभर मागच्या बाकावर बसून मी तरी कुणाची केली होती? त्याच रांगेत दुसऱ्या टोकाला एक घटस्फोटित बाई बसायच्या, त्यांचं नावही मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. गेल्या उपासाच्या रविवारी त्यांनी साक्ष दिली, तेव्हा समजलं की त्या दर आठवड्याला पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडीतच बसतात आणि मग आत येतात.

आजोबांना मी पुढे एकदा विचारलं होतं, "त्या शनिवारी तुम्हाला खरंच गाडीची गरज होती?" ते हसले. म्हणाले, "समोरच्या घरचे नेतातच मला. पण ते तसेही जातातच."

या वसंतात आजोबा आयडाहोला मुलीकडे राहायला गेले. आता मला कुणाला न्यायचं नाही. पहिल्या रविवारी गजर झाला आणि तोच जुना छताचा प्रश्न परत समोर उभा राहिला. अंथरुणात पडूनच मी त्या बाईंचा, पार्किंगमधल्या दहा मिनिटांचा विचार केला. मग आंघोळ केली. आईचा फोन आता आमच्या अकरानंतर असतो, तिकडे रात्रीचे साडेदहा. ती तोवर जागी राहते आणि आधी हेच विचारते, "जाऊन आलास?"

निघालो, आणि सवयीने गाडी आजोबांच्या गल्लीत वळवली. घरापुढे विक्रीची पाटी लागली होती. दोन मिनिटं तिथे उभा राहिलो, गाडी मागे घेतली. पार्किंगमध्ये शिरलो तेव्हा त्या बाई आपल्या गाडीत बसलेल्या दिसल्या. मी माझी गाडी त्यांच्या शेजारी लावली, काचेवर हळूच टकटक केलं आणि विचारलं, "आत जायचं का?" नऊला तीन मिनिटं कमी होती.